संगणकाची मेमरी : घरी वाढवावी की कंपनीकडूनच भरून घ्यावी?

शाळा सुरू होण्याच्या सुमारास पालक वह्या, गणवेश आणि क्लासची चौकशी करतात. अलीकडे त्यात आणखी एक प्रश्न हमखास असतो. "टीचर, घरातला कॉम्प्युटर फारच हळू चालतो. दुकानवाला म्हणतो, आता नवाच घ्या. घ्यावा का?" नवा घ्यायचे ठरलेच असेल तर प्रश्न असा येतो, "आठ जीबीचा घेऊ की सोळाचा? सोळाला कंपनी बरेच जास्त पैसे लावते. नंतर बाहेरून टाकून घेतली तर चालते का?"

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, आपल्या हाताने वाढवता येते का, आणि येत असेल तर ती कधी वाढवावी व कधी कंपनीकडूनच भरून घ्यावी? आपल्यासारख्या घरांत संगणक ही फ्रिजइतकी मोठी खरेदी असते. कुणी त्यासाठी भिशीचा नंबर लागण्याची वाट पाहतो, कुणी आखातात असलेल्या भावाकडे शब्द टाकतो. एका पट्टीने भागणार असताना सगळे यंत्र बदलले तर तो पैसा मुलांच्या फीमधूनच जातो. म्हणून या वेळी हा विषय सविस्तर घेत आहे.

मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा

संगणकात सामान ठेवायच्या दोन जागा असतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे घरातले फडताळ. फोटो, धडे, प्रश्नपत्रिका, सारे तिथे कायमचे राहते. रॅम म्हणजे ओटा. ज्या वस्तूवर आत्ता काम चालू आहे ती ओट्यावर काढावी लागते. वीज गेली की ओटा रिकामा होतो, फडताळातले मात्र तसेच राहते.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास आठवा. ओटा लहान असेल तर भजीचे पीठ खाली ठेवावे लागते, मग फळे कापायला जागा होते. ती झाली की पुन्हा पीठ वर. काम होते, पण निम्मा वेळ वर-खाली करण्यात जातो. संगणकाचेही तसेच होते. रॅम भरली की तो काही सामान तात्पुरते फडताळात नेऊन ठेवतो आणि लागले की परत आणतो. फडताळ ओट्यापेक्षा पुष्कळ हळू असल्याने आपल्याला संगणक अडखळल्यासारखा वाटतो.

ओटा सर्वात जास्त कोण व्यापते? बहुतेक घरांत ते इंटरनेटचे ब्राउझर असते. ऑनलाइन वर्ग, व्हिडिओ आणि दहा-बारा उघडे टॅब मिळून चार जीबी सहज खातात. उर्दू शाळांत वर्षानुवर्षे वापरले जाणारे इनपेज त्या मानाने फारच कमी जागा घेते. त्यामुळे प्रश्नपत्रिका टाइप करताना ठीक चालणारा संगणक मुलाचा वर्ग सुरू होताच गुदमरतो, यात नवल नाही.

आधी दुखणे ओळखा

संगणक हळू आहे याचा अर्थ रॅम कमी आहे, असे दर वेळी नसते. तपासणे सोपे आहे. रोज जी कामे एकत्र चालतात ती सगळी उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात जाऊन मेमरीवर क्लिक करा.

मेमरीचा वापर सतत ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल तर ओटा खरोखर लहान आहे. तो पन्नास टक्क्यांवर असूनही संगणक रडत असेल तर दुखणे दुसरे आहे. जुन्या यंत्रांत ते बहुधा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. अशा संगणकात कितीही रॅम टाकली तरी तो सुरू व्हायला तेवढाच वेळ घेईल. तिथे पैसा एसएसडीवर घालावा.

याच पानावर आणखी तीन गोष्टी दिसतात : एकूण मेमरी किती, तिचा वेग किती आणि किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत. हे आकडे वहीत लिहून घ्या. पुढची सगळी खरेदी त्यांवर अवलंबून आहे.

दोन अडथळेही आधीच पाहावेत. विंडोज ३२ बिटची असेल तर ती ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरूच शकत नाही. नवी पट्टी बसेल, पण पडून राहील. दुसरे म्हणजे, विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी सांगितलेली आहे, पण त्याबरोबर ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा सोयही लागते. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. यंत्र त्याहून जुने असेल तर रॅम वाढवून ते विंडोज ११ साठी पात्र होणार नाही. अशा यंत्रावर मोठा खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

कंपनीकडून भरून घेताना आपण कशाचे पैसे देतो?

कंपनीने बसवलेली मेमरी बाजारातल्या पट्टीपेक्षा सहसा महाग पडते. त्या जास्तीच्या पैशांत काहीच मिळत नाही असे मात्र नाही. मेमरी त्या यंत्राशी जुळते की नाही हे पाहिलेले असते. पुढे काही बिघडले तर एकच पावती आणि एकच दार. पट्टी एकाची आणि संगणक दुसऱ्याचा असला की पट्टीवाला बोर्डाकडे बोट दाखवतो आणि बोर्डवाला पट्टीकडे. ही फरफट ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे वाया गेलेले नसतात. ईदला कुणी कापड घेऊन शिंप्याकडे टाकतो आणि कुणी तयार कपडे घेतो, तसेच हे आहे. शिवून घेतले तर स्वस्त आणि मापाचे होते, पण माप चुकले तर ते निस्तरावे आपल्यालाच लागते.

काही यंत्रांत निवडीला वावच नसतो. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम १ पासून ॲपलने आपल्या मॅक संगणकांत मेमरी प्रोसेसरबरोबर एकाच संचात बसवायला सुरुवात केली. ती नंतर कुणालाही, अगदी कारागिरालाही, वाढवता येत नाही. २०२४ च्या एम ४ मॅक मिनीवर भारतात १६ ऐवजी २४ जीबी घ्यायची तर २०,००० रुपये जास्त लागत होते. दर जाचक वाटला तरी निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो. पडद्यामागेच सगळे यंत्र असलेल्या ऑल-इन-वन संगणकांत आणि पातळ लॅपटॉपमध्येही मेमरी अनेकदा बोर्डावर पक्की जोडलेली असते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा, "यात मेमरी नंतर वाढवता येते का? किती स्लॉट आहेत आणि किती रिकामे आहेत?"

दोन स्लॉटच्या संगणकात आठ जीबी दोन प्रकारे भरता येते : आठची एक पट्टी किंवा चार-चारच्या दोन. दोन सारख्या पट्ट्या असल्या की संगणक दोन्ही वाटांनी माल आणतो आणि थोडा वेगवान होतो. पण पुढे वाढवायचा विचार असेल तर आठची एकच पट्टी असलेला घ्यावा. दुसरा स्लॉट रिकामा राहतो आणि नंतर जुने काही काढून टाकावे लागत नाही.

स्वतः टाकायची तर काय जुळवावे

उभ्या कॅबिनेटचा साधा डेस्कटॉप, ज्याला आपण घरोघरी 'सीपीयू' म्हणतो, त्यात मेमरी टाकणे हे सर्वात सोपे काम आहे. कठीण आहे ते योग्य पट्टी निवडणे.

पहिली गोष्ट म्हणजे पिढी. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि प्रत्येक पिढीत तिची जागा वेगळी असते, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही. टास्क मॅनेजरमधल्या वेगावरूनही अंदाज येतो. १३३३ किंवा १६०० असेल तर बहुधा डीडीआर ३, २१३३ ते ३२०० असेल तर डीडीआर ४, ४८०० किंवा त्यापुढे असेल तर डीडीआर ५. केवळ प्रोसेसरच्या नावावरून पिढी ठरवू नये. इंटेलच्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर बोर्डानुसार डीडीआर ४ वरही चालतात आणि डीडीआर ५ वरही.

दुसरी गोष्ट आकार. डेस्कटॉपची पट्टी सव्वातेरा सेंटिमीटरच्या आसपास लांब असते, लॅपटॉपची जवळपास त्याच्या निम्मी. मात्र अगदी छोट्या डब्यासारख्या डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपचीच पट्टी लागते.

तिसरी गोष्ट, बोर्ड जास्तीत जास्त किती मेमरी घेतो. हे माहितीपुस्तिकेत असते. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या संकेतस्थळांवर मॉडेलनुसार पुस्तिका मिळतात आणि मेमरी कशी काढावी-घालावी याची चित्रेही असतात.

चौथी गोष्ट वेग. जुन्या पट्टीचा वेग २४०० आणि नव्या पट्टीचा २६६६ असेल तर सहसा अडचण येत नाही, दोन्ही मिळून २४०० वर चालतात. तरी शक्य तितके जुळते घेणे बरे.

एक सावधगिरीही हवी. ऑनलाइन बाजारात कधीकधी सोळा जीबीची पट्टी संशय यावा इतकी स्वस्त दिसते. ती मोठ्या सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' मेमरी असू शकते. डीडीआर ४ मधली अशी पट्टी आपल्या स्लॉटमध्ये बसते, खाचही जुळते, पण साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, गावातल्या दुकानात घ्या किंवा घरी मागवा, पक्के बिल घ्या आणि चालली नाही तर बदलून मिळेल का हे आधीच विचारा. चांगल्या कंपनीच्या मेमरीला संगणकापेक्षाही जास्त वर्षांची हमी असते, पण बिल हरवले तर ती मिळवणे अवघड होते.

संगणक हमीच्या मुदतीत असेल तर कार्डावरच्या अटीही वाचा. मेमरी वाढवल्याने बहुतेक कंपन्यांची हमी जात नाही. मात्र कॅबिनेटवर सील लावलेले असेल तर ते तोडण्याआधी सेवा केंद्राला विचारून घ्या.

दहावीतल्या मुलीने केलेले काम

आमच्या शाळेतल्या दहावीच्या एका मुलीच्या घरी हाच प्रसंग आला होता. संगणक ४ जीबीचा. वर्ग सुरू झाला की मेमरी नव्वदच्या पुढे. दुकानात सांगितले गेले की यंत्र जुने झाले, नवे घ्या. वडील रिक्षा चालवतात. उसने कोणाकडून घ्यावे याचा विचार त्यांनी सुरूही केला होता. आम्ही आकडे पाहिले तर दोन स्लॉटपैकी एक रिकामा होता, वेग २४००, प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा. ८ जीबीची एक पट्टी आणायची ठरली.

त्या दिवशी मुलगी म्हणाली, "अब्बा, स्क्रू मी काढते. तुम्ही टॉर्च धरा."

"बेटा, काही तुटलं तर?"

"खाच बघून बसवायचं असतं अब्बा, जोर लावायचा नसतो."

स्वयंपाकघरातून अम्मीचा आवाज आला, "आधी प्लग काढलास का गं?"

खरे तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न अम्मीनेच विचारला होता. धाकटा भाऊ टॉर्चसाठी भांडत होता. मी शेजारी उभी होते, हात लावला नाही. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा पडदा काळाच राहिला आणि आतून बीप ऐकू आली. वडिलांचा चेहरा उतरला. मुलीने बटण बंद केले, प्लग पुन्हा काढला, पट्टी उचलून परत बसवली आणि या वेळी दोन्ही टोकांना 'टक्' असा आवाज आला. संगणक सुरू झाला आणि टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी दिसली. उसने घ्यायची वेळ आली नाही.

असे काम निघाले की बहुतेक घरांत मुलग्याला हाक मारली जाते. मुलीलाही मारून पाहावी, एवढे सुचवते.

कामाची पद्धत

संगणक नीट शट डाउन करा. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा. मग कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवे ठेवा आणि मागचे दोन स्क्रू काढून बाजूचे झाकण सरकवा. आतला वीजपुरवठ्याचा बंद डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विजेचा साठा राहू शकतो.

हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच स्थिर वीज मेमरी बिघडवू शकते. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. पट्टी कडांनी धरा, सोनेरी टोकांना बोट लावू नका.

स्लॉटच्या टोकाची कडी उघडा. काही बोर्डांत ती दोन्ही टोकांना असते, काहींत एकाच. खाच जुळवून पट्टी सरळ ठेवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. कडी आपोआप मिटली पाहिजे. चार स्लॉट असतील आणि दोनच पट्ट्या टाकायच्या असतील तर कोणते दोन वापरावेत हे पुस्तिकेत पाहा. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजलेला दुसरा आणि चौथा असतो.

सुरू केल्यावर पडदा काळा राहिला किंवा बीप आली तर घाबरू नका. पट्टी नीट न बसणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. डीडीआर ५ च्या यंत्रात पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटेही लागू शकतात, तेवढा धीर धरा. सुरू झाल्यावर विंडोजमधलेच 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवून पट्टी निर्दोष आहे का हे पाहा. दोष असेल तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीत कळलेला बरा.

हिशेब त्या दिवशीचा

"बाहेरून घेतलेली मेमरी स्वस्तच" हे वाक्य नेहमी खरे नसते. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून प्रचंड मागणी आली. कारखान्यांचा माल तिकडे वळला आणि घरगुती पट्ट्यांच्या किमती झपाट्याने चढल्या. अशा वेळी, आधीच्या दरात बनून दुकानात उभ्या असलेल्या १६ जीबीच्या संगणकाची जास्तीची किंमत सुट्या पट्टीपेक्षा कमीही असू शकते. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याने किती दिले त्यावर जाऊ नका. त्या दिवशीचे दोन्ही भाव कागदावर समोरासमोर लिहा.

सारांश असा. मेमरी नंतर वाढवता न येणारे यंत्र असेल तर गरजेपेक्षा थोडी जास्त मेमरी कंपनीकडूनच घ्या. यंत्र वाढवता येणारे असेल आणि भावात मोठा फरक असेल तर आज आठ जीबी घ्या, स्लॉट रिकामा ठेवा आणि गरज पडेल तेव्हा घरी भरा. फरक थोडाच असेल किंवा घरात झाकण उघडणारे कुणी नसेल तर कंपनीने भरलेली घेऊन निश्चिंत राहा. तिसरा मार्गही आहे. दुकानदाराकडूनच पट्टी घ्या, त्याच्याकडूनच बसवून घ्या आणि दोन्ही एकाच बिलावर लिहून घ्या. साध्या अभ्यासाला आणि घरकामाला ८ जीबी पुरते. पुढची चार-पाच वर्षे काढायची असतील तर १६ बरी.

हा अंक हाती असतानाच घरच्या संगणकाचे तीन आकडे वहीत लिहून ठेवा : एकूण मेमरी, वेग आणि रिकामे स्लॉट. दुकानात जाल तेव्हा वही सोबत न्या. पुढच्या महिन्यात फडताळाकडे, म्हणजे हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवण्याकडे वळू, इन्शाअल्लाह.